सगळ्यांनी मिळून, अंगाने खेळायचा खेळ: बटणं, कॅमेरा की आणखी काही?

कृष्णाकाठ
मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवसांचा खेळमेळा ठरलाय. हॉल ३० बाय २० फूट, खाली शहाबादी फरशी, हाताशी एक जुना लॅपटॉप, खर्चाला ८,००० रुपये. मुलं ८ ते १४ वर्षांची. त्यांत दोघं व्हीलचेअरवर, एकीला अजिबात दिसत नाही, तिघांना ऐकू येत नाही आणि एका मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. मान आणि डावं कोपर एवढंच त्याच्या मनाप्रमाणे हलतं. बाकीची वीसेक धावतीपळती.

खेळ डोक्यात आहे तो लेझमीचा. पाच जणांचा गट, प्रत्येकाकडे एक आवाज: हलगी, झांज, घुंगरू, लेझीम, ढोल. अंगाच्या कुठल्याही हालचालीने आपला आवाज काढायचा आणि पाचही जणांनी मिळून ठेका पुरा करायचा. पडद्याकडे बघत बसायचं नाही.

माझं मत असं की आधी यंत्र निवडलं की असा खेळ फसतो. कोणाचं अंग काय सहज करतं ते आधी बघावं आणि खेळ त्याला जोडावा. आपल्याकडे ज्याला जमत नाही त्याला कच्चा लिंबू करून घेतात. तो रिंगणात असतो, पण त्याचा डाव कोणी मोजत नाही. इथे एकालाही तसं करायचं नाही. त्याचा आवाज आला नाही तर ठेका अपुरा राहिलाच पाहिजे.

तर कॅमेरा लावावा, मोठी बटणं करावीत की स्पर्शाचं काही? काय काय बिघडतं तेही सांगा.

ठोसेघर
वाखुसा (वाचनखूण साठवली). साताऱ्यातही असं काही करायचं घाटतंय, वाचत राहीन.

विटेकर
कॅमेरा मोहात पाडतो, कारण विकत काही आणावं लागत नाही. पण तो कुठे घसरतो ते बघा. मीडियापाइपसारखं फुकट सॉफ्टवेअर अंगावरचे ३३ बिंदू देतं. जो बिंदू दिसत नाही त्याचाही अंदाज बांधून आकडा देतंच. व्हीलचेअरच्या हातांमागे कंबर आणि गुडघे झाकले गेले की ते बिंदू जागेवर थरथरतात आणि न हललेला मुलगा हलला असं धरलं जातं. प्रत्येक बिंदूबरोबर तो किती खात्रीने दिसतोय याचाही आकडा मिळतो. तो कमी असला की तो बिंदू वापरूच नका. या खेळाला नाक, खांदे, कोपरं आणि मनगटं पुरेत.

ही खोड जुनी आहे. किनेक्ट, म्हणजे एक्सबॉक्सवरच्या खेळांसाठी अंगाची हालचाल ओळखणारा कॅमेरा, २०१० साली आलं तेव्हा समोरचा माणूस उभा आहे असंच धरलेलं होतं. बसलेल्या माणसासाठीची सोय विंडोजवरच्या किनेक्टला २०१२ मध्ये मिळाली, आणि त्यात २० ऐवजी वरच्या अंगाचे १० सांधे बघितले जायचे.

कॅमेरा लावलाच तर 'हात खांद्याच्या वर गेला की आवाज' असली अट घालू नका. प्रत्येक मुलाला सुरुवातीला १० सेकंद द्या: तुला सोयीचं वाटेल तेवढं हल. त्यातली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त जागा नोंदवा. त्या अंतराच्या ६० टक्क्यांवर गेला की आवाज, ४० टक्क्यांच्या खाली आला की पुन्हा तयार. दोन वेगळ्या रेषा ठेवायच्या, म्हणजे हात रेषेवर थरथरला तरी एकाचे पाच आवाज होत नाहीत. अशाने एकाची दोन इंचांची हालचाल आणि दुसऱ्याची दोन फुटांची, दोन्हींना सारखंच मोल येतं.

खिडकीकडे पाठ करून मुलांना बसवू नका. मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो आणि बिंदू सुटतात.

स्विचवाला
विटेकरांचं ते ६०-४० कुठल्याही सेन्सरला लागू आहे, लिहून ठेवा.

तरी या मेळ्याला मी बटणंच सांगेन. बटण दाबलं हे अंगाला कळतं. कॅमेऱ्यासमोर हवेत हात हलवून काही कळत नाही.

एका बटणाला लागतं ते असं: १०० मिलिमीटरचं घुमटाकार आर्केड बटण (खाली मायक्रोस्विच, म्हणजे टक्‌ करून दबणारा छोटा स्विच असतो), दोन-तीन मीटर दोनपदरी वायर, ३.५ मिलिमीटरची मोनो पिन (हेडफोनला असते तशी) आणि १२ मिलिमीटर प्लायचा फूटभर तुकडा. पाच बटणांना मिळून एक प्रो मायक्रो बोर्ड (लॅपटॉपला कीबोर्ड वाटेल असं छोटं सर्किट) आणि पाच मोनो सॉकेट.

मायक्रोस्विचला तीन पाय असतात. वायर 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' या दोघांना जोडायची. तिसऱ्याला लागली तर बटण कायम दाबलेलं आहे असं लॅपटॉपला वाटतं आणि हलगी थांबायचं नाव घेत नाही. सॉकेटचं टोक बोर्डाच्या पिनेला (बोर्डावर वायर जोडायची जागा), बाकीची बाजू ग्राउंडला. प्रोग्रॅममध्ये पिन 'इनपुट पुलअप' ठेवायची, म्हणजे चिपच्या आतला रेझिस्टर तिला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. दाबल्यावर ती शून्य वाचते आणि बोर्ड कीबोर्डचं एक अक्षर पाठवतो. आर्डुइनो उनो आर३ आणू नका, तो सरळ कीबोर्ड होत नाही. प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो होतो, कारण त्यावरच्या चिपलाच यूएसबी येतं.

बिघडतं कुठे:

आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे दुबळा. तीन मीटर वायर पंख्याच्या रेग्युलेटरजवळून गेली तर भुताटकी होते, कोणी न दाबता आवाज. बोर्डाजवळ पिन आणि ५ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाका, थांबते.

मोबाइल चार्जिंगच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतात. बोर्डाचा दिवा लागतो, लॅपटॉपला काही दिसत नाही आणि माणूस दोन तास प्रोग्रॅम तपासत बसतो. आधी केबल बदला.

सॉकेट मोनोच घ्या. स्टिरिओ सॉकेटमध्ये मोनो पिन घातली की मधली कडी ग्राउंडला चिकटते. त्या कडीवर दुसरं बटण जोडलेलं असेल तर ते अडकलंच.

३.५ चीच पिन का, तर बाजारातले सहायक स्विच याच पिनेवर चालतात. एक्सबॉक्सचा २०१८ चा अडॅप्टिव्ह कंट्रोलर आहे त्याच्या मागे अशी १९ सॉकेटं आहेत. प्लेस्टेशनच्या २०२३ च्या अ‍ॅक्सेस कंट्रोलरला चार. आज केलेलं बटण मेळ्यानंतर वाया जात नाही, त्याच मुलाला घरच्या खेळाला उपयोगी पडतं.

तांबडी माती
माझा विरोध नोंदवतो. एवढ्या वायरी कशाला? आपल्या मातीतले खेळ थोडे बदलले तरी भागतं, फक्त नियम सगळ्यांसाठी बदला, एकट्यापुरता नको. गोलबॉल बघा. १९४६ मध्ये युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी तयार झाला. चेंडू १.२५ किलोचा, आत घुंगरं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, कोणाला किती दिसतं हा प्रश्नच मिटला. मैदानाच्या रेषा चिकटपट्टीखाली दोरी घालून केलेल्या, म्हणजे पायाला कळतात. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, खालून सरपटी टाकतात, टाकण्याआधी गोलंदाज 'रेडी' विचारतो आणि फलंदाजाने 'येस' म्हटल्यावर 'प्ले' म्हणून सोडतो. यात वीज कुठे लागली?

कृष्णाकाठ
तांबडी माती, रेषांखालची दोरी घेतलीच. पण ज्याची मान आणि एक कोपरच हलतं त्याने १.२५ किलोचा चेंडू कसा टाकायचा? छोटी हालचाल मोठी करायला वीज लागते, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

चारचाकी
वीज नसली तरी चालतं. बोचिया बघा, बसून चेंडू नेमक्या जागी नेण्याचा खेळ, १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. ज्यांना चेंडू फेकता येत नाही ते उतरत्या पन्हाळीवरून सोडतात. पन्हाळ हलवायला मदतनीस असतो, पण त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही. किती डावीकडे, किती उंच, सगळं खेळाडू सांगणार. मला या सगळ्या चर्चेत हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. मदत हाताला, निर्णय खेळाडूचा. तुमच्या मेळ्यात स्वयंसेवक मुलाचा हात धरून बटण दाबायला लागले, तर सगळी मेहनत पाण्यात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

बोचियाचा चेंडू २७५ ग्रॅमचा, साधारण साडेआठ सेंटिमीटर व्यासाचा. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरला की पन्हाळ तयार. चिरलेल्या कडा सँडपेपरने घासा, बोटं कापतात.

आणि हॉलचं: खुर्चीला जायला ९० सेंटिमीटर वाट, वळायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं. वायरी वाटेत आडव्या नकोत, भिंतीकडेने न्या. न विचारता कोणाची खुर्ची ढकलू नका, ती त्याच्या अंगाचाच भाग आहे. बटण दाबण्याआधी चाकांचे ब्रेक लावलेले असू द्या, नाहीतर दाबलं की खुर्चीच मागे जाते.

तांबडी माती
बोचिया मान्य. पन्हाळीचा एक कोपरा ठेवाच मग.

कराडची फिजिओ
सेरेब्रल पाल्सीच्या मुलाबद्दल, कारण इथे चुका सहज होतात.

बटणाच्या आधी बैठक. कंबर मागे टेकलेली, पावलांखाली आधार (पाय लोंबकळत नकोत), टेबल कोपराच्या उंचीचं. बैठक डगमगली तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हाताला काही उरत नाही. बटणाखाली योगा मॅटचा तुकडा किंवा वेल्क्रो लावा, सरकणारं बटण कोणालाच दाबता येत नाही.

काही मुलांत मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात आपोआप ताठ होऊन बाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूचा दुमडतो. ते मुद्दाम नसतं. म्हणून ठेका सांगणारा माणूस आणि दिवा दोन्ही बरोबर समोर, मधोमध हवेत.

अचानक मोठा आवाज झाला की ही मुलं दचकतात आणि सगळं अंग ताठरतं. हलगी एकदम पूर्ण आवाजात सुरू करू नका. दोन-तीन आवर्तनांत हळूहळू चढवा.

आता स्विचवाल्यांसाठी: दाबणं जमतं, सोडणं जड जातं. हात बटणावर अडकून राहिला तरी एकच आवाज मोजा, आणि 'सोडल्यावर' काही घडेल असं काही ठेवू नका. हाताला कंप असेल तर एकदा दाबल्यावर पुढचे ३०० ते ५०० मिलिसेकंद काही मोजू नका. हा आकडा प्रत्येक मुलाला वेगळा लागेल, तो बदलायला सोपा ठेवा. स्प्रिंग जड असेल तर हलकी घाला. पाच मिनिटांच्या डावानंतर थांबा घ्याच. थकल्यावर हालचालीचा पल्ला कमी होतो, तेव्हा विटेकरांची १० सेकंदांची नोंद नव्याने करायला हवी.

स्विचवाला
ताई, फार कामाचं. सोडणं न मोजणं सोपं आहे. बोर्डाने दाबताक्षणी अक्षर पाठवून लगेच सोडून द्यायचं, हात उठेपर्यंत धरून ठेवायचं नाही. लॅपटॉपला अक्षरांची रांग जात नाही. ते ३००-५०० मिलिसेकंद प्रत्येक पिनेला स्वतंत्र ठेवतो.

पांढरी काठी
न दिसणाऱ्या मुलीसाठी बटणावर रंग काय आहे याला अर्थ नाही, पृष्ठभाग वेगळे करा: एकावर काथ्या, एकावर सँडपेपर, एकावर जाड दोऱ्याचं वेटोळं. रंगांची ओळख पटायला अडचण असणाऱ्या धावत्यापळत्या मुलांनाही याचा फायदा होईल.

आवाज कुठून येतो हे कळायला शुद्ध 'पीं' वाईट. खळखळ, टकटक असे आवाज कानाला लवकर सापडतात, आपली झांज आणि घुंगरू त्याच जातीचे. पाचही आवाज एकाच स्पीकरमधून आले तर कोणी काय वाजवलं ते मला कळणार नाही. निदान डावा-उजवा असे दोन स्पीकर सहा फुटांवर ठेवा. हेडफोन मुळीच नको, शेजारच्याशी बोलणंच तुटतं. सांगताना आधी नाव, मग काम. 'डावीकडे सरक' असं नुसतं ओरडलं तर सगळेच सरकतात.

हातवारे
ऐकू न येणाऱ्या तिघांसाठी ठेका पायातून द्या. शहाबादी फरशीतून काही पोचत नाही. १२ मिलिमीटरची ४ बाय ३ फुटांची प्लाय घ्या, खाली कडेने दीड इंची पट्ट्या ठोका म्हणजे पोकळी राहते, आणि त्या प्लायवर मोठा स्पीकर तोंड खाली करून ठेवा. ढोलाचा आणि हलगीचा खर्ज तळपायाला स्वच्छ लागतो. अनवाणी उभं राहायचं. व्हीलचेअरवाल्याने तळहात प्लायला लागेल अशा उंचीवर दुसरी फळी.

अंगावर बांधायच्या छोट्या व्हायब्रेशन मोटरा स्वस्त असतात, पण त्यांना वेग घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे ठोका उशिरा जाणवतो. वापरल्याच तर ठोक्याच्या थोडं आधी चालू करा. आणि मोटर सरळ बोर्डाच्या पिनेला जोडू नका. मध्ये ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड हवा, नाहीतर पिन जळते.

दिव्यांचं कळकळीने सांगतो. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काहीही चमकू द्यायचं नाही, फिट येऊ शकते, आणि सेरेब्रल पाल्सीबरोबर फिट्स असणारी मुलं बरीच असतात. हलगी मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीला गेली की सेकंदाला तीन ठोके होतात, म्हणजे तुम्ही काठावर आलात. प्रत्येक ठोक्याला दिवा लावूच नका. समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याला, एकदा लावा, तोही हळू उजळणारा, लाल नको.

कोयनाकाठ
स्पर्शाबद्दल कोणी लिहिलं नाही. २०१२ च्या सुमारास मेकी मेकी नावाचा बोर्ड आला. त्यात २२ मेगाओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे माणसाच्या अंगातून जाणारा अगदी क्षीण प्रवाहही त्याला पुरतो. एकाने ग्राउंडची तार धरली, दुसऱ्याने पिनेची, आणि दोघांनी टाळी दिली की आवाज. पाच जणांची साखळी करून टाळ्यांवर ठेका धरता येतो, लई भारी दिसतं. एखाद्याला हाताला हात लावलेला सहन होत नसेल तर दोघांच्या मध्ये स्टीलची पळी धरा, तीही चालते.

लॅपटॉप मात्र चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर. अर्थिंग धड नसलेल्या हॉलमध्ये चार्जर लावून मुलांना तारा धरायला देऊ नका. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की भलतेच आवाज येतात, हेही ध्यानात ठेवा.

एमपीआर १२१ नावाचा स्पर्शाचा सेन्सर स्वस्त आहे, १२ जागा देतो. पण सुरू होताना जे असेल त्यालाच तो 'स्पर्श नाही' धरतो आणि पुढेही हळूहळू जुळवून घेत राहतो. ज्या मुलाचा हात कायम टेकलेला असतो, त्याचा हात थोड्या वेळाने त्याला दिसेनासा होतो. तुमच्या त्या मुलाला तो नको.

ठोसेघर
अवांतर: पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण सांगली जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांचं, १९७२, हायडेलबर्ग, ५० मीटर पोहणं. मेळ्यात त्यांचा फोटो लावा.

विटेकर
आणि आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी. पॅरिस २०२४, गोळाफेक, १६.३२ मीटर, रौप्य.

कोयनाकाठ
मग साताऱ्याकडून गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा पण लावा की! १९५२, हेलसिंकी.

मिरजकर तंतू
फोटो सगळे लावा, पण ठेक्याचं कोणीच बोललं नाही. तालाच्या खेळात 'बरोबर वेळी' म्हणजे काय? १५० मिलिसेकंद इकडेतिकडे चालेल असं ठरवलं तर तो सेरेब्रल पाल्सीचा मुलगा पहिल्याच आवर्तनात बाद. हात न्यायचा असतो त्याच क्षणी त्याचा जातोच असं नाही.

उपाय असा. आठ मात्रांचं आवर्तन, लय मिनिटाला ९६ मात्रा. एक मात्रा ०.६२५ सेकंद, आवर्तन बरोबर पाच सेकंदांचं. मुलाने पाच सेकंदांत केव्हाही दाबलं तरी कॉम्प्युटरने ते धरून ठेवायचं आणि पुढच्या आवर्तनात त्याच्या ठरलेल्या मात्रेवर वाजवायचं. कोणाचाच आवाज बेताल पडत नाही. ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको, तो आवाज उशिरा काढतो आणि पायाखालची फळी एक सांगते, कान दुसरं. वायरीचा स्पीकर घ्या.

तांबडी माती
मग त्यात खेळ काय राहिला? केव्हाही दाबा, बरोबरच वाजणार. लेझीम खेळणाऱ्या पोराला दोन मिनिटांत कंटाळा येईल.

मिरजकर तंतू
दादा, रास्त शंका. आव्हान वेळेतून काढून क्रमात घाला. ठेका सांगणारा दोन आवर्तनं वाजवून दाखवतो: सम ढोल, तिसरी हलगी, पाचवी झांज, सातवी घुंगरू, लेझीम गप्प. पुढच्या आवर्तनात कोणी वाजवायचं आणि कोणी गप्प राहायचं हे गटाने लक्षात ठेवायचं. चुकून दाबलं तर आवाज येतोच, ठेका मोडतो. चार आवर्तनं जमली की एक आवाज बदलायचा. गप्प राहणं हे धावत्या पोरांनाच जड जाईल, पैज लावतो. ज्यांना वेळेवर वाजवायची हौस आहे त्यांना धरून ठेवायची सोय बंद करून द्या, एकेका बटणाला वेगळी.

तांबडी माती
गप्प राहण्याची अट आवडली. कबड्डीत दम धरतात तसं. विरोध मागे.

चारचाकी
ती धरून ठेवायची सोय कोणाची चालू आहे हे बाकीच्यांना दिसेल असं काही ठेवू नका. सगळ्यांची चालू ठेवून सुरुवात करा आणि ज्याला नको त्याने मागून घ्यावी.

कराडची फिजिओ
+१

स्विचवाला
ढोलासाठी भांडणं होणार, ढोलाची बटणं दोन करतो.

कृष्णाकाठ
खूप मिळालं. ठरवलं ते असं: आर्केड बटणं सहा, ढोलाची दोन धरून. एक प्रो मायक्रो, ४ बाय ३ ची पोकळ फळी, वायरीचे दोन स्पीकर बाजूंना आणि तिसरा खर्जाचा फळीवर. कॅमेरा नाही. टाळ्यांची साखळी दुसऱ्या दिवशी, बॅटरीवर. पन्हाळ कोपऱ्यात.

फिजिओताई, एक राहिलं. त्या मुलाला दोन बटणं द्यावीत का, एक कोपराला, एक मानेला? म्हणजे त्याला एकाऐवजी दोन आवाज मिळतील.

कराडची फिजिओ
द्या, पण मानेचं बटण बाजूला लावू नका. मान डावीकडे वळवून दाबायला लागला आणि त्याला ती ताठरण्याची सवय असेल, तर डावा हातही बाहेर जाईल आणि दोन्ही बटणं एकदम वाजतील. डोक्याच्या मागे, खुर्चीच्या टेकूवर मधोमध लावा, मान थोडी मागे नेली की दाबलं जाईल असं. पण डोकं सारखं टेकून बसत असेल तर तिथेही बटण दबलेलंच राहील. मग आधी नुसत्या कोपरावर खेळू द्या. मेळ्याच्या निदान आठवडाभर आधी त्याला आणि त्याच्या आईला बोलावून लावून बघा, आणि कुठला आवाज हवा ते त्याला विचारा. टेकूवरचं बटण मऊ हवं, फोम लावा. तिथे १०० मिलिमीटरचं नको, टणक लागतं.

स्विचवाला
तिथे पट्टीवाला मायक्रोस्विच दोन फोमच्या मध्ये बसवून देतो. पिन तीच, ३.५.

विटेकर
पन्हाळीला विट्यात ११० चा पाइप पडून आहे, चार फूट. सांगलीला कोणी येत असेल तर पाठवतो, चिरून की अख्खा?

कृष्णाकाठ
अख्खाच पाठवा, इथे कटरने चिरून घेतो. शनिवारी माणूस येतोय विट्याला, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.